हातमोज्यातली काडी

प्यो मालजाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भरसभेत माइकवर स्वतःला नावं ठेवत होती आणि तिच्या कारखान्याचे साहेब पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते.

सोलजवळ शिहवाच्या कारखान्यांच्या पट्ट्यात दर तिमाहीला सुरक्षा प्रशिक्षण असतं. लहान कारखान्यांकडे स्वतःची जागा नसते, म्हणून सगळ्यांना वसाहतीच्या सभागृहात कोंबतात. दारात एक गोड पाव आणि दुधाचं पाकीट हातात ठेवतात, सही घेतात. मग टाय लावलेला कुणीतरी माणूस पडद्यावर आगीची नि पडझडीची चित्रं दाखवत बोलत राहतो. लोक झोपतात. मीही झोपायचे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला अंधार, गार हवा आणि मऊ खुर्ची दिल्यावर तो दुसरं काय करणार? पाव मात्र कुणी सोडत नाही.

त्या दिवशीही माझा डोळा लागला होता. माइकमधून बाईचा आवाज आला, दक्षिण किनाऱ्याचा, प्रत्येक वाक्य शेवटाला ओढून सोडणारा.

"मी प्यो मालजा. क्षणभराच्या निष्काळजीपणानं माझी तीन बोटं गेली. चूक माझीच होती. माझ्या हातानं मी माझा हात घालवला."

एवढं बोलून तिनं उजव्या हातातला पांढरा सुती हातमोजा ओढून काढला आणि हात वर धरला. अंगठा आणि करंगळी, मध्ये नुसती सपाट जागा. सभागृह खाडकन जागं झालं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पाव परत पिशवीत ठेवला.

तिनं शांतपणे हातमोजा पुन्हा चढवला आणि घोषणा सुरू केल्या. ही आमच्याकडची रीत. ज्या वस्तूची खात्री करायची, तिच्याकडे उजव्या हाताचं बोट रोखायचं आणि मोठ्यानं ओरडायचं.

"बटणं!" ती ओरडली, बोट रोखून.

"बटणं ठीक!" आम्ही सगळे बोटं रोखून.

"हात!"

"हात ठीक!"

माझी झोप उडाली ती इथं. बाईला तर्जनी नाही, हे आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी हातमोज्याची तर्जनी बंदुकीसारखी ताठ रोखलेली होती.

मी तेव्हा स्वतः पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेसवर होते. कार्यक्रम संपल्यावर दारात तिला गाठलं. वयानं मोठी दिसत होती, म्हणून थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ऑन्नी म्हटलं.

"ऑन्नी, एक विचारू? तुमचा प्रेस दोन बटणांचाच होता ना?"

"होता."

"दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय तो खाली येत नाही. मग आत घालायला तिसरा हात कुठून आणलात?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पिशवीतून स्वतःचा पाव काढून माझ्या हातात दिला.

"हा पण खा. तोंड भरलेलं असलं की प्रश्न कमी येतात."

आमची ओळख झाली ती अशी. पुढं मालजा ऑन्नीबद्दल पेपरात दोन ओळी छापून आल्या, त्यातही खोटं होतं. म्हणून तिचं आयुष्य मी लिहिते आहे. आवडलं नाही तर वाचू नका.

गोहंगच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळ वाळवणाऱ्या घरात ती जन्मली. चार मुलींनंतर पाचवी. मालजा म्हणजे शेवटची, आता पुरे, या अर्थाचं नाव. नकोशीच म्हणा ना. नाव ठेवूनही पाठीवर सहावी आलीच. "तिचं नाव काय ठेवायचं हेच बापाला सुचेना," ऑन्नी सांगायची आणि स्वतःच हसायची. थंडीत बर्फासारख्या पाण्यात हात बुडवून शेवाळ धुवायचं, चौकटीवर कागदासारखं पातळ पसरायचं. सगळ्या बहिणींत हिचा हात चपळ. पोरसवदा वयात सोलला शिलाईच्या कारखान्यात गेली, तिथंही चपळ. लाद्या बसवणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं. तो लाद्या सरळ बसवायचा आणि घरी वाकडा यायचा. दारूनं गेला. मग ही शिहवाला आली, गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या ठोकणाऱ्या कारखान्यात, चार नंबरच्या प्रेसवर.

"माझ्यासारखा हात पट्ट्यात कुणाचा नव्हता," ती म्हणायची. बोटं गेल्यानंतरही म्हणायची. "दुसऱ्या कारखान्यांचे मुकादम बघायला यायचे. दात काढत उभे राहायचे, जत्रेत आल्यासारखे." तिचा हा अभिमान मला आधी कळायचा नाही, राग यायचा. आता कळतो. गरिबाच्या अंगावर दुसरा दागिना असतो कुठं?

मला माझ्या कारखान्यातून काढलं. कारण सांगत बसत नाही, तोंड हेच कारण. मग मी कालवं घातलेल्या नूडल्स विकणाऱ्या दुकानाच्या वर एक खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली: कामावर जखमी झालेल्यांसाठी सल्ला. शाळा मी अर्ध्यात सोडलेली. कायदा कुणी शिकवला नाही, स्वतः वाचला, न कळलेलं पुन्हा वाचलं. त्याचा मला माज आहे. असू दे.

ऑन्नी त्या खोलीचा जिना कधी चढली नाही. कुणी पाहिलं तर कारखान्यात बातमी जायची. आम्ही भेटायचो रविवारी, सार्वजनिक स्नानगृहात. तिथं कुणाच्या अंगावर कपडे नसतात, हातमोजेही नसतात. गरम कुंडात बसून कातडी मऊ झाली की बायका एकमेकींच्या पाठी खरखरीत कापडानं घासून देतात. ती माझी पाठ डाव्या हातानं घासायची, साल निघेल इतक्या जोरात.

"अहो, हळू! मी शेवाळ नाही!"

"कायदा वाचलास, पाठ धुवायला नाही शिकलीस. बघ, केवढा मळ निघतोय."

"ऑन्नी, तिसरा हात."

"आली पुन्हा मूळपदावर."

"दर रविवारी विचारणार."

एका रविवारी तिनं घासणं थांबवलं. तांब्यानं माझ्या पाठीवर पाणी ओतलं आणि पाठीमागूनच बोलायला लागली. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलली असावी.

कारखान्यात शनिवारी दुपारी बाहेरून काळ्या सॉसच्या नूडल्स मागवायचे. त्याच्यासोबत लाकडी काड्यांच्या जोड्या यायच्या, एकदा वापरून टाकायच्या त्या. जेवणं झाली की मुकादम नामगुंग टेबलांवरून काड्या गोळा करत फिरायचा. नवीन माणसाला वाटायचं, काय काटकसरी मुकादम आहे! तो काडी मोडायचा, कटरनं तिचं टोक तासायचा आणि प्रेसच्या उजव्या बटणाच्या कडेला, फटीत ठोकून बसवायचा. बटण दाबलेलं राहायचं, काम मात्र चालायचं, इतकी जुनी ती मशीनं. मग दाबायला एकच बटण उरतं, एक हात मोकळा राहतो. मोकळ्या हातानं पत्रा सरकवायचा, काढायचा. बिजागऱ्या दीडपट निघतात. टार्गेट त्याच हिशोबानं लावलेलं. काडी काढली तर कुणाचंच टार्गेट पुरं होत नाही.

"आणि तुमचा हात सगळ्यांत चपळ," मी म्हणाले.

"म्हणून तर माझ्या प्रेसला पहिली काडी. मान होता तो. त्या दिवशी पत्रा साच्याला चिकटला. उजवा हात सोडवायला आत गेला. डावा आपला सवयीनं मोकळ्या बटणावर. डाव्याला काय माहीत उजवा कुठं आहे?"

कुंडाजवळ दोन म्हाताऱ्या मुळ्याचे भाव बोलत होत्या. ऑन्नी थांबली, त्या पुढं सरकल्या, मग म्हणाली:

"नामगुंग धावत आला. माझा हात अजून आतच होता, बोटंही. त्यानं आधी काडी उपटली. खिशात घातली. मग मशीन वर घेतलं."

मी वळले. तिनं माझं डोकं धरून पुन्हा पुढं केलं.

"मग स्वतःचा टॉवेल बांधला, स्वतःच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. वाटभर रडत होता. खरंच रडत होता गं. मला त्याचाच राग जास्त येतो. नुसता हलकट असता तर सोपं होतं."

तपासणीला माणूस आला. त्यानं बटणं दाबून पाहिली, दोन्ही बरोबर चालत होती. मशीन ठीक, म्हणजे चूक बाईची. दोन हातांच्या बाईचा तिसरा हात आत गेला कसा, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. भरपाई कायद्यानं मिळाली, कुणी उपकार केले नाहीत. पण पन्नाशीतल्या दोन बोटांच्या बाईला काम कोण देणार? मालकानं बोलावून सांगितलं: राहा, झाडलोट कर, जेवणघरात मदत कर, आणि प्रशिक्षणात चार शब्द बोल. ते चार शब्द कचेरीतून लिहून आले. पहिलंच वाक्य निष्काळजीपणाचं होतं.

"आणि हे हातमोज्यातलं बोट?" मी विचारलं.

ती हसली. तसं हसणं ऐकू नये माणसानं.

"पहिल्या तालमीला हातमोज्याची बोटं लोंबत होती. नामगुंग म्हणाला, प्योबाई, असं लोंबलं तर लोक हसतील, बोट रोखायचं आहे. जेवणघरातून काडी आणली, मोडली, टोक तासलं आणि तर्जनीत घातली. म्हणाला, बघा, कसं ताठ उभं राहिलं."

"त्याला काहीच आठवलं नाही?"

"नाही. मी तोंडाकडं बघत होते त्याच्या. काहीच नाही. हाताला सवय होती त्याच्या."

मी तिथंच उभी राहिले, ओली, उघडी, आणि ओरडायला लागले. की तुम्ही गप्प कशा बसता, त्याचं नाव घेत का नाही, दर तिमाहीला त्याच्या पापाचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन स्टेजवर कशा चढता. म्हाताऱ्यांनी मुळे सोडून माझ्याकडं पाहिलं.

"खाली बस," ती म्हणाली. "थंडी वाजेल. पेन्शनला थोडीच वर्षं उरलीत माझ्या. तू देणार आहेस खोलीचं भाडं? तो दर सणाला नाशपात्यांची पेटी आणून देतो. मोठ्या असतात, गोड असतात, आणि मी खाते. आता बस खाली."

मग कायदा बदलला. कामगार मेला तर मालकाला तुरुंगात जावं लागेल, असं आलं. पट्ट्यातले सगळे मालक पंधरवड्यात भाविक झाले. दारादारांवर सुरक्षेच्या हिरव्या क्रॉसचे झेंडे लागले. ज्यांनी जन्मात हेल्मेट घातलं नव्हतं ते हेल्मेट घालून फोटो काढायला लागले. नामगुंगला बढती मिळाली. आता तो सुरक्षा व्यवस्थापक, दंडाला हिरव्या क्रॉसची पट्टी. आणि हुकूम निघाला की पट्ट्यातल्या सगळ्या मुकादमांनी आणि देखरेखीच्या साहेबांनी प्रशिक्षण घ्यायचं. कामगारांना पाव आणि दूध, मुकादमांना गोमांसाचा डबा. बोलायला अर्थात प्यो मालजा.

त्याच आठवड्यात ती चार नंबरच्या प्रेसखाली झाडत होती. प्रेसवर यॉनहोंग होती, येनब्येनहून आलेली. आमचीच भाषा बोलते, पण हेल चीनकडचा, म्हणून तिला सगळे उपरी समजतात. चाळिशीची, दंडानं भक्कम. ऑन्नीनं झाडू टेकवून वर पाहिलं. उजव्या बटणाच्या फटीत काडी.

"ही काढ."

"काय?"

"काडी."

"ऑन्नी, तुम्ही झाडा. मी नाही लावली ती, मी आले तेव्हापासून आहे."

ऑन्नीनं अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरून काडी ओढून काढली. प्रेस थांबला. यॉनहोंग अशी काही ओरडली की पलीकडच्या मशीनवरचे वळून बघायला लागले.

"आता माझं टार्गेट कोण पुरं करणार? तुम्ही? त्या दोन बोटांनी?"

नामगुंग आला. दंडावर हिरवी पट्टी. "कुणी काढली?" त्यानं विचारलं. मग खिशातून दुसरी काडी काढली, ठोकून बसवली आणि ऑन्नीकडं बघून मायेनं म्हणाला, "प्योबाई, तुम्ही या मशीनजवळ येत नका जाऊ. तुमच्या मनाला त्रास होतो."

दुसऱ्या दिवशी ऑन्नी माझ्या खोलीचा जिना चढून आली. भर दुपारी, खालच्या दुकानात गिऱ्हाईक असताना, सगळ्यांदेखत. खुर्चीवर बसली, धाप टाकली.

"यॉनहोंगच्या बोलण्याचा राग नाही आला मला," ती म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर असंच बोलले असते. पण तिचा हात तू बघायला हवा. चपळ आहे. अगदी चपळ आहे गं. तो बघितला की मला माझाच आठवतो."

"मग?"

"परवा मुकादमांचं प्रशिक्षण. तू ये. मागं बस. मी बोलेन. तू मध्ये तोंड उघडायचं नाहीस."

"नोकरी जाईल तुमची."

"मग तू पाठ घासून घेण्याचे पैसे देत जा."

मी गेले. दारात कुणी ओळखलं नाही, मी कुण्या कारखान्याची देखरेख बाई म्हणून सही ठोकून आत शिरले. शे-दीडशे मुकादम असतील. स्टेजवर प्रशिक्षण संस्थेनं सरावाचं टेबल मांडलं होतं: दोन बटणं, वर दिवा. दोन्ही एकदम दाबली की दिवा हिरवा लागतो. संस्थेचा प्रशिक्षक तरणा होता, केस चापूनचोपून बसवलेले. ऑन्नी आली, नेहमीसारखी कमरेतून वाकली.

"मी प्यो मालजा. माझी तीन बोटं गेली."

पहिल्या रांगेत नामगुंगनं मान डोलवली. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. ते आलं नाही.

"कशी गेली ते आज दाखवते."

तिनं हातमोजा काढला नाही. डाव्या हातानं तर्जनीच्या टोकाचा शिवणीचा धागा ओढला आणि आतून काडी बाहेर काढली. तर्जनी खाली लोंबली. ती टेबलाजवळ गेली, उजवं बटण दाबलं, काडीचं तासलेलं टोक फटीत घातलं आणि तळव्यानं ठोकलं. बटण खालीच राहिलं. मग तिनं एकाच डाव्या हातानं डावं बटण दाबलं. हिरवा दिवा.

पुन्हा दाबलं. हिरवा दिवा. पुन्हा. तोच वेग, तीच लय, उजवा रिकामा हातमोजा पुढं-मागं, जणू पत्रा सरकवते आहे. समोरच्या प्रत्येकाला ती लय ओळखीची होती.

"ही काडी मी लावली नव्हती," ती म्हणाली. "आमच्या मुकादमांनी लावली होती. नामगुंग साहेबांनी. माझा हात आत असताना त्यांनी आधी काडी काढली, मग मला. आजही चार नंबरला काडी आहे. तिथं यॉनहोंग बसते. तिची दहाच्या दहा आहेत अजून."

आणि तिनं ती लोंबती तर्जनी नामगुंगच्या दिशेनं धरली.

मला वाटलं, आता छत खाली येणार. तुम्हांलाही वाटलं असेल. ऐका मग काय झालं ते.

मागून एक जाडा मुकादम म्हणाला, "आमच्याकडं चिकटपट्टी लावतात बाई. काडी निसटते."

हशा पिकला. सुटल्यासारखा हशा. सगळ्यांना एकदम मोकळं मोकळं वाटलं. पापात सगळेच सारखे, म्हटल्यावर पाप उरतं कुठं?

मग नामगुंग उठला. स्टेजवर चढला, ऑन्नीपुढं उभा राहिला आणि कंबरेत काटकोनात वाकला. बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा डोळे ओले होते. माइक हातात घेतला.

"प्योबाईंनी आज आपल्या सगळ्यांचे डोळे उघडले. काड्यांची ही वाईट सवय आपल्या कामगारांत खोल रुजली आहे. आपण मुकादम तिकडं लक्ष देत नाही. आजपासून देऊ!"

आपल्या कामगारांत! टाळ्या कडाडल्या. प्रशिक्षक धावत आला, "इतकं जिवंत प्रात्यक्षिक मी आजवर पाहिलं नाही," म्हणाला, आणि त्यानंच घोषणा सुरू केल्या.

मी तोंड न उघडण्याचं वचन दिलं होतं. मी खुर्चीवर चढले.

"कामगारांत काय रे? काडी कुणाच्या खिशात गेली ते विचारा त्याला! आत्ता झडती घ्या, आत्ताही निघेल!"

"ही ती नूडल्सवाल्याच्या माडीवरची," कुणीतरी म्हणालं. दोघांनी मला दंडांना धरून बाहेर काढलं. दार बंद झालं. आतून दीडशे गळे ओरडत होते: बटणं ठीक! हात ठीक!

तिला त्या दिवशी काढतील असं आम्ही धरून चाललो होतो. काढलं नाही. उलट मागणी वाढली. पट्ट्यातल्या सगळ्या कारखान्यांना काडीवाली बाई हवी होती. मोठ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे लोकही येऊन भेटून गेले. आठवडाभरात भित्तिपत्रक छापून आलं, बसथांब्यांवर, कारखान्यांच्या दारांवर: पांढरा हातमोजा, त्यातून निघणारी काडी, खाली ठळक अक्षरांत, 'एक काडी, तीन बोटं. तुमचा निष्काळजीपणा तुमच्याच हाताला.' कारखान्याच्या जेवणघरातून लाकडी काड्या हद्दपार झाल्या, स्टीलच्या आल्या. त्याबद्दल कारखान्याला ढाल मिळाली. ती नामगुंगनं स्वीकारली. पेपरात आलेल्या दोन ओळी त्याच. 'स्वतःच्या चुकीतून इतरांना शहाणं करणारी कामगार.'

मालकानं ऑन्नीला बोलावलं. कोरा नवा हातमोजा दिला. "तेवढं एक वाक्य गाळा, प्योबाई. कुणी लावली, कुणी काढली, हे आता जुनं झालं. बाकी काडीचं सगळं ठेवा. फार परिणाम होतो."

नामगुंग बाजूला उभा होता. नाशपात्यांच्या पेट्या त्या सणाला दोन आल्या.

"गाळणार?" मी स्नानगृहात विचारलं.

"पेट्या परत पाठवल्या," ती म्हणाली. "नाशपात्या चांगल्या होत्या. वाईट वाटलं."

पुढच्या हॉलमध्ये ती उभी राहिली. काडी काढली, ठोकली, दिवा लागला. "ही काडी मी लावली नव्हती," ती म्हणाली आणि माइक बंद पडला. ती थांबली नाही. वाऱ्यात, लाटांच्या वर आवाज काढून एकमेकींना हाका मारणाऱ्या बायकांच्या किनाऱ्यावरची ती. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत नामगुंगचं नाव ऐकू गेलं. संध्याकाळी तिला कळवण्यात आलं की तिच्या वयाचा विचार करून कंपनी तिला विश्रांती देत आहे. तिच्या जागी आता पडद्यावर चित्रफीत दाखवतात. तिचीच, आधीच्या वर्षाची, निष्काळजीपणाच्या वाक्यासकट. मी त्याविरुद्ध अर्ज केले, दारात बसले, शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या. चित्रफीत अजून चालू आहे. लोक झोपतात.

चार नंबरला लाकडी काडी राहिली नाही. नामगुंगनं रबराचा तुकडा कापून बसवला. स्वच्छ, काळा, दिसतही नाही. ऑन्नी हॉलमध्ये काय बोलली ते यॉनहोंगच्या कानावर गेलं होतं. तिनं तो पहिल्याच दिवशी नखानं उपसून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "मी दोन हातांनी दाबणार," म्हणाली. टार्गेट कमी पडायला लागलं. तंबी मिळाली, पुन्हा कमी पडलं. महिन्याच्या शेवटी तिला काढलं. दुसऱ्या कारखान्यांत विचारलं तर नाव आधीच पोचलेलं. ती थेट माझ्या माडीवर आली आणि मला, ऑन्नीला आणि आमच्या सात पिढ्यांना चीनकडच्या हेलात अशा काही शिव्या घातल्या की खालची गिऱ्हाइकं नूडल्स खायची थांबली. शिव्या संपल्यावर मी तिला पाणी दिलं.

"ऑन्नी कुठं भेटेल?" तिनं विचारलं.

"रविवार आहे. अंघोळीला."

आम्ही दोघी गेलो. वाटेत बसथांब्यावर ते भित्तिपत्रक होतं. यॉनहोंगनं त्यावर थुंकायला तोंड भरलं, मग गिळलं, कारण थांब्यावर माणसं होती.

ऑन्नी गरम कुंडातून निघून लाकडी पाटावर बसली होती, डाव्या हातानं डाव्याच खांद्यापर्यंत पोचायची धडपड करत. यॉनहोंगनं तिच्या हातातलं कापड ओढून घेतलं, पाठीशी बसली आणि एका हातानं घासायला लागली. रागानं घासत होती. ऑन्नीची पाठ लाल होत गेली.

"तुमच्यामुळं माझी नोकरी गेली."

"हो."

"कुठंच घेत नाहीत आता."

"हो. खांद्याखाली घास, तिथं माझा हात पोचत नाही."

"घरी पैसे काय डोंबल पाठवू?"

ऑन्नीनं मान मागं वळवली. यॉनहोंगच्या हातांकडं पाहिलं, कापडावर पसरलेल्या ओल्या, फुगलेल्या बोटांकडं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"एका हातानं काय घासतेस," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी घास."